विनानंबर ते हिरवी पाटी: विजेच्या दुचाकीची पार्श्वभूमी

विनानंबर विजेच्या स्कूटरची सीट उचलून प्लास्टिकचं झाकण बाजूला केलं की कंट्रोलरमधून, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डबीतून, निघालेला वायरींचा जुडगा दिसतो. त्यात एक पातळ वायर अशी असते, की तिचा जोड लावलेला असेल तोवर गाडी ताशी २५ किलोमीटरच्या पुढे जात नाही. जोड सोडला की तीच गाडी चाळीस-पंचेचाळीसने पळते. "अडवलं कुणी तर परत लावून टाका," असं मेकॅनिक सहज सांगतो, जणू आरसा फिरवायला सांगतोय. पण गाडी कायद्याच्या लेखी सायकलीच्या रांगेत बसणार की मोटारसायकलीच्या, हे त्या जोडावर ठरतं. विजेच्या दुचाकीचा इतिहास सांगताना एकोणिसाव्या शतकापासून सुरुवात करायची पद्धत आहे. आपल्याकडची गोष्ट मात्र या वायरीपाशी सुरू केली तर लवकर कळते.

जुना भाग थोडक्यात. १८९५ मध्ये अमेरिकेत मागच्या चाकातच मोटर बसवलेल्या सायकलीचं पेटंट निघालं. आज स्वस्तातल्या स्कूटरला जी हब मोटर असते, तिचा हा पूर्वज. पुढची शंभर वर्षं पेट्रोलची. शिशाची बॅटरी वजनाला भारी आणि साठ्याला हलकी, त्यामुळे वीज गोल्फच्या गाड्यांत आणि गोदामांतल्या फोर्कलिफ्टमध्ये अडकून राहिली. लिथियमच्या बॅटऱ्या मोबाइल-लॅपटॉपमुळे स्वस्त होऊ लागल्या तेव्हा कुठे दुचाकीवाल्यांनी मान वर केली. २००९ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावर धूर न सोडणाऱ्या मोटारसायकलींची शर्यत झाली. पुण्याच्या काही तरुणांनी बनवलेली गाडीही तिच्यात धावली होती, हे इथल्या फार थोड्यांना आठवतं.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दाची व्याख्या करताना एक पळवाट मुद्दाम ठेवलेली आहे: चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल, तर ते वाहन मोटार वाहन मानायचं नाही. सायकलला छोटं इंजिन लावून फिरणाऱ्यांची ही सोय. विजेच्या मोटरला सीसीच नसतो, मग तिला हे माप लावायचं कसं? उत्तर म्हणून केंद्रीय नियमांत बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची वेगळी व्याख्या आली. मोटरची 'तीस मिनिटांची शक्ती' पाव किलोवॉटच्या आत, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोच्या आत. एवढं एखाद्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून दिलं की ती गाडी मोटार वाहन नाही. म्हणजे नोंदणी नाही, नंबर नाही, लायसन्स नाही, विमा नाही, हेल्मेटची सक्ती नाही, वयाची अटही नाही.

यातला घोळ 'तीस मिनिटांची शक्ती' या शब्दात आहे, आणि त्याकडे जवळजवळ कुणी पाहत नाही. जाहिरातीत '२५० वॉट' असं लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं, मोटरची ताकद तेवढीच. २५० वॉट म्हणजे एक तृतीयांश अश्वशक्ती. दोन माणसं आणि गाडी मिळून २२० किलो धरा आणि दर शंभर मीटरला पाच मीटर चढणारा उड्डाणपूल धरा. निव्वळ २५० वॉटवर हे ओझं ताशी सहा-सात किलोमीटरने चढेल. शेजारून झपझप चालणारा माणूस पुढे निघून जाईल. प्रत्यक्षात याच गाड्या डबलसीट घेऊन तोच पूल वीसच्या वेगाने चढताना रोज दिसतात. त्यासाठी साधारण पाऊण किलोवॉट, म्हणजे तिप्पट ताकद लागते. ही येते कुठून?

तीस मिनिटांची शक्ती म्हणजे मोटर अर्धा तास सलग जेवढा भार सोसू शकते तेवढी शक्ती. पेट्रोलच्या इंजिनाची कमाल ताकद त्याच्या आकारात आणि आरपीएममध्ये बांधलेली असते. विजेच्या मोटरला मर्यादा असते ती मुख्यतः उष्णतेची. एखाद-दोन मिनिटं तिच्यात दुप्पट-तिप्पट करंट सोडला तर तारा तापतात, पण जळत नाहीत, आणि पूल तर तेवढ्यात संपतो. त्यामुळे 'पाव किलोवॉट'चा शिक्का मारलेली मोटर गरजेला पाऊण किलोवॉट देते, तेही नियम अजिबात न मोडता. हे माप सगळीकडच्या विजेच्या गाड्यांना लावतात आणि त्यामागे तर्क आहे. पण तो मोठ्या गाड्यांचा तर्क. जिथे या एका आकड्यावर विमा आणि लायसन्स अवलंबून आहेत, तिथे हेच माप ठेवणं हा माझ्या मते चुकीचा निर्णय होता. उरला वेग, आणि त्याला थोपवून धरायला ती एक वायर.

वजनाच्या अटीतही अशीच एक पाचर आहे. बॅटरी सोडून ६० किलो. शिशाच्या पाच बॅटऱ्या, प्रत्येकी १२ व्होल्ट, २४ अँपिअर-अवरच्या, मिळून ३५ ते ४० किलो भरतात. साठा जेमतेम दीड युनिट. कागदावर साठच्या आत बसणारी गाडी रस्त्यावर शंभर किलोची होते. तिला ब्रेक मात्र साठ किलोच्या हिशेबाचे.

या सवलतीचा हेतू वाईट होता असं म्हणता येत नाही. २००७ च्या आसपास देशात पहिल्यांदा मोठ्या संख्येने ज्या विजेच्या दुचाकी विकल्या गेल्या, त्या बहुतेक याच वर्गातल्या. सुटे भाग परदेशातून आणायचे, इथे जुळवायचे, 'लायसन्स नको, पेट्रोल नको' अशी पाटी लावायची. निवृत्त गृहस्थ, शाळेतल्या बाई, क्लासला जाणारी मुलं हे गिऱ्हाईक. वर्ष-दीड वर्षात बॅटरी बसली की गाडीही अंगणात बसायची. २०१० च्या अखेरीस केंद्राने या गाड्यांवर अनुदान सुरू केलं, कमी वेगाच्या दुचाकीला कमाल चार हजार आणि जास्त वेगाचीला पाच हजार रुपये. मार्च २०१२ मध्ये ते बंद झालं आणि विक्री कोसळली. 'ईव्ही घेतली आणि फसलो' ही जी भावना पुढे दहा वर्षं टिकली, ती याच काळातली. वायर तोडायची युक्तीही याच काळात रुजली.

त्यानंतरचा इतिहास हा जवळपास अनुदानाचाच इतिहास आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय आराखडा जाहीर झाला, त्यात २०२० पर्यंत साठ-सत्तर लाख विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांचं स्वप्न होतं. एप्रिल २०१५ मध्ये 'फेम' ही केंद्राची अनुदान योजना आली. तिचा पहिला टप्पा दोन वर्षांचा ठरला होता, तो चार वर्षं चालला. खरी कलाटणी एप्रिल २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यात मिळाली. दहा हजार कोटींची तरतूद, पण दुचाकीला अट अशी की लिथियमसारखी प्रगत बॅटरी हवी, एका चार्जमध्ये किमान ८० किलोमीटर जायला हवं, कमाल वेग किमान ४० हवा आणि कारखान्यातली किंमत दीड लाखाच्या आत हवी. एका फटक्यात विनानंबर वर्ग अनुदानातून बाहेर पडला. पण रस्त्यावरून बाहेर पडला नाही, कारण व्याख्या तशीच ठेवली गेली. सरकारचा एक हात म्हणत होता ही गाडी मदतीच्या लायकीची नाही, दुसरा म्हणत होता हिला नोंदणीची गरज नाही.

नोंदणी होणाऱ्या गाड्यांना मात्र चांगले दिवस आले. २०१८ मध्येच विजेच्या गाड्यांसाठी हिरव्या नंबरपाटीचा नियम झाला होता. ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ऑगस्ट २०२१ मध्ये नोंदणीशुल्क माफ झालं. जून २०२१ मध्ये अनुदान बॅटरीच्या दर किलोवॉट-अवरला, म्हणजे युनिटला, दहा हजारांवरून पंधरा हजार झालं आणि किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत गेलं. महाराष्ट्राच्या त्याच वर्षीच्या धोरणाने वर आणखी भर घातली. त्या दिवसांत गाडी घेतलेल्यांनी ती किती स्वस्तात घेतली, हे त्यांना नंतर कळलं.

आता दीड लाखाच्या त्या अटीकडे पाहा. अनुदान किमतीच्या मर्यादेशी बांधलं की किंमत कशाला म्हणायचं, यावर खल सुरू होतो. काही कंपन्यांनी चार्जर आणि सॉफ्टवेअर 'ॲक्सेसरी' म्हणून वेगळ्या बिलावर घेतले. चार्जरशिवाय गाडी म्हणजे नळाशिवाय टाकी, पण हिशेबात ती दीड लाखाच्या आत बसली. तक्रारी झाल्या, अनुदान अडलं, आणि २०२३ मध्ये कंपन्यांनी चार्जरचे पैसे ग्राहकांना परत करायचं मान्य केलं. सुटे भाग देशी असल्याच्या अटीवरूनही काही कंपन्यांकडून अनुदान परत मागितलं गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये अनुदान पुन्हा दहा हजारांवर आणि किमतीच्या १५ टक्क्यांवर आलं. मे २०२३ मध्ये महिन्याची नोंदणी लाखाच्या वर होती, जूनमध्ये ती निम्म्याहून खाली आली. २०२५-२६ मध्ये अनुदान दर किलोवॉट-अवरला अडीच हजारांपर्यंत घसरलं आणि गाड्या तरीही विकल्या गेल्या. ही रक्कम खरोखर किती गरजेची होती, हा प्रश्न त्यातून उरतो.

स्कूटर इतक्या आणि मोटारसायकली इतक्या कमी का, याचं एक उत्तरही इथेच आहे. स्कूटरला पाय ठेवायच्या फळीखाली आणि सीटखाली बॅटरीला जागा असते, आणि तीन युनिटची बॅटरी शहरात शंभरेक किलोमीटर पुरते. मोटारसायकल घेणारा माणूस हायवेचा विचार करतो. ऐंशीच्या वेगाला वाऱ्याचा विरोध चाळिसाच्या चौपट होतो, बॅटरी मोठी लागते आणि किंमत दीड लाखाची रेघ ओलांडते. २०१९ मध्ये रोजच्या वापराची पहिली देशी विजेची मोटारसायकल आली, २०२२ मध्ये पुण्यात बनलेली एक आली, आणि त्याच वर्षी अनुदानाची फिकीर न करणारी वेगवान महागडी गाडीही आली.

२०२२ लक्षात राहिलं ते मात्र आगींमुळे. मार्च महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एका सेलची आग शेजारच्या सेलमध्ये किती वेळात पसरते, हेही आता तपासलं जातं. मोटार वाहनच न मानलेली गाडी या चर्चेत कुठे बसते, हे फारसं कुणी विचारलं नाही.

२०२२ च्याच मे महिन्यात राज्याच्या परिवहन खात्याने बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढली. वायर सोडलेली गाडी नियमाने मोटार वाहनच ठरते, तेही नोंदणी नसलेलं आणि विमा नसलेलं. तिने कुणाला धडक दिली तर भरपाई चालवणाऱ्याच्या खिशातून जाते. गाडी चोरीला गेली तर तक्रारीत लिहायला नंबर नसतो, फक्त चासी क्रमांक, आणि तो किती मालकांनी टिपून ठेवलेला असतो? कर्जाचंही तसंच: आरसी बुकच नाही, तर त्यावर बँकेचा बोजा चढणार कुठे.

तरीही हा वर्ग वाढला, आणि तो ज्यांच्यामुळे वाढला त्यांचा २०१० मध्ये कुणी विचारही केला नव्हता. जेवणाची पार्सलं पोचवणारी मुलं भाड्याने मिळणारी विनानंबर गाडी घेतात, कारण शहरात नव्याने आलेल्याकडे लायसन्स नसतं आणि दिवसाच्या भाड्यात बॅटरी बदलून मिळते. दहा-बारा तास, पाठीवर पेटी, डोक्यावर बहुधा काही नाही. दुसरीकडे २०२५ च्या राज्य नियमांनी बाइक टॅक्सीला परवानगी दिली ती फक्त विजेच्या गाड्यांना, आणि तिथे नोंदणी, परवाना, हेल्मेट सगळं लागतं. एकाच सिग्नलला हे दोघं शेजारी शेजारी थांबतात.

ती वायरही आता काही गाड्यांत दिसत नाही. नव्या कंट्रोलरची वेगमर्यादा मोबाइलच्या ॲपमधून कमी-जास्त करता येते. तपासणीला थांबवलं तर अधिकाऱ्याने सीट उचलावी, झाकण काढावं, आत सगळं कारखान्यातून आल्यासारखं नीटनेटकं असतं.