खंजिरी भजन मंडळाचे संचालन

खंजिरी, टाळ, पेटी आणि तबला किंवा ढोलकी यांच्या साथीने सामूहिक भजन म्हणणाऱ्या गटाला एका लयीत आणि एका पट्टीत चालवण्याची विद्या, तसेच ती नव्या माणसाला शिकवण्याची रीत. विदर्भाच्या खेड्यांत असे मंडळ साधारण ८ ते १२ जणांचे असते. मुख्य गायक बहुधा स्वतःच खंजिरी वाजवतो आणि संचालनही त्याच्याचकडे असते. दोन्ही हात वाद्यात गुंतलेले आणि तोंडाने गाणे चालू, त्यामुळे हातवारे करून गटाला सांगण्याची सोय त्याला नसते. खंजिरीची उंची, थापेचे वजन, नजर आणि ओळ उचलण्यापूर्वीचा श्वास ही त्याची साधने. या विद्येचा मोठा भाग वाजवण्यापेक्षा आवरण्याचा आहे. मंडळाला जोर लावायला शिकवावे लागत नाही. हळू कधी व्हायचे आणि एकदम कुठे थांबायचे हे मात्र शिकवावे लागते.

परंपरा

खंजिरीला वऱ्हाड-नागपूरकडे आज जे स्थान आहे ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९–१९६८). अमरावती जिल्ह्यातील यावली हे त्यांचे जन्मगाव, वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू. १९३५ मध्ये मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला. मराठी आणि हिंदी भजने त्यांनी खंजिरीवर गाऊन गावोगाव नेली. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांतून सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आणि पहाटेची रामधून (रामनाम गात गावातून काढायची फेरी) चालू राहिली. खंजिरी भजनाची बहुतेक मंडळे याच अंगणात वाढली. महिलांची आणि शाळकरी मुलांची स्वतंत्र मंडळेही आहेत.

वाद्ये

खंजिरी म्हणजे एका बाजूने कातडे मढवलेले लाकडी कडे. कड्याच्या खाचांत पितळी चकत्या बसवलेल्या असतात. डाव्या हाताने कडे धरायचे, उजव्या हाताने वाजवायचे. डाव्या हाताची बोटे कातड्याच्या काठाला लागतात आणि त्यांच्या दाबाने आवाज चढतो. नवशिक्याचा दाब नकळत वाढत जातो आणि दहा मिनिटांत खंजिरी चिरकी वाजू लागते. त्याला वाटते कातडे तापले. खरे तर पकड आवळलेली असते. कातडे शेळीचे असावे किंवा फायबरचे. घोरपडीचे कातडे वापरणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. घरात जुनी खंजिरी आहे म्हणून तशीच नवी मढवून आणायला जाऊ नये.

कातडे हवेवर चालते. आषाढ-श्रावणात ते ओल धरून सैल पडते आणि थाप भद्द वाजते. तेव्हा खंजिरी निखाऱ्यापासून हातभर लांब धरून, सारखी फिरवत शेकतात. एका जागी धरली तर तेवढाच भाग आखडतो आणि खिळ्याजवळ फाटतो. दमट हवेत शेकलेले कातडे कार्यक्रम चालू असतानाच पुन्हा उतरते, म्हणून दोन खंजिऱ्या जवळ ठेवून आलटून-पालटून शेकाव्यात. वैशाखात उलटे होते. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कातडे ताणून टणटण वाजते. तेव्हा आतल्या बाजूने ओली बोटे फिरवून दोन-चार मिनिटे थांबायचे. फायबरला हे काही करावे लागत नाही, मात्र त्याचा आवाज कडक असतो आणि पत्र्याच्या सभागृहात कानाला लागतो.

टाळ काशाचे असतात आणि मंडळ बिघडवण्याची ताकद सर्वांत जास्त त्यांच्यातच असते. दहा जणांत चार जोड्या पुष्कळ झाल्या. पत्र्याखाली किंवा छोट्या देवळात दोनच घ्याव्यात. दोन्ही वाट्या तोंडाला तोंड लावून सपाट आपटल्या तर आत हवा कोंडते आणि ‘भच्च’ असा मेलेला आवाज येतो. वरची वाटी खालचीच्या काठापासून जरा सरकवून, तिरपी उतरवली की नाद सुटतो. खुला आणि दाबलेला हे दोन नाद प्रत्येक टाळकऱ्याला वेगळे काढता आले पाहिजेत. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) खुला, ‘खाली’वर (तालाच्या मधल्या रिकाम्या मात्रेवर) वाट्या मिटून दाबलेला, एवढी शिस्त पाळली तरी भजनाचे शब्द ऐकू येतात. सगळ्यांनी सगळ्याच मात्रांवर खुला टाळ वाजवला की मागच्या ओळीतल्या श्रोत्याला फक्त धातू ऐकू येतो. टाळाची दोरी भोकाशी झिजते, म्हणून गाठ दर कार्यक्रमापूर्वी ओढून पाहावी. दोरी तुटली तर वाटी समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर जाते.

पट्टी ठरवणे

पेटीचा स्वर हलवता येत नाही, म्हणून बाकी सगळे तिच्याशी जुळतात: आधी पट्टी, मग तबला किंवा ढोलकी, शेवटी खंजिरी शेकायची. पुरुषांची मंडळे बहुधा काळी एक किंवा काळी दोनमध्ये (म्हणजे पेटीवरची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी ‘सा’ धरून), महिलांची काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. पण ही केवळ सुरुवात. भजनातला सर्वांत वरचा स्वर कुठे लागतो ते शोधून ती एकच ओळ कोरसमधल्या सर्वांत कच्च्या गळ्याच्या माणसाकडून तीनदा म्हणवून घ्यावी. तिसऱ्या वेळी हनुवटी वर गेली आणि मानेच्या शिरा फुगल्या तर पट्टी एकने खाली. मुख्य गायकाच्या सोयीने धरलेली उंच पट्टी हे स्पर्धेत कोरस फाटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि ते सांगायचे धाडस मंडळात सहसा कोणी करत नाही. म्हणून प्रशिक्षकाने ते स्वतः करावे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना त्या काळात टाळ द्यावा, ओरडून गायला लावू नये.

लय पळणे

खंजिरी भजनाचा हा मुख्य आजार. बहुतेक भजने केरव्यात (८ मात्रा : धा गे ना ति । ना क धि ना) किंवा दादऱ्यात (६ मात्रा : धा धी ना । धा ती ना) बसतात. लय वाढते ती तीन ठिकाणी. कोरस ध्रुपदाच्या (पालुपदाच्या) शेवटी पुरता श्वास घेत नाही आणि पुढची ओळ अर्धी मात्रा आधी उचलतो. टाळकरी खाली गाळतो, म्हणजे केरव्याच्या पाचव्या मात्रेवरची रिकामी जागा त्याला सहन होत नाही. आणि शेवटचे कडवे आले की गायकालाच उत्साह येतो.

मोजायला मोबाईलचे घड्याळ पुरते. पहिल्यांदा म्हटलेल्या ध्रुपदाला २० सेकंद लागले आणि शेवटच्या ध्रुपदाला १५, तर लय एक तृतीयांशाने वाढली. ‘थोडी चढली’ असे म्हणून सोडून देण्याइतका हा फरक लहान नाही. मंडळाला आकडा दाखवला की वाद मिटतो. ठरवून लय वाढवणे वेगळे. ती संचालकाने खंजिरीतून एका समेवर वाढवायची असते आणि सगळ्यांनी एकदम पकडायची असते.

उपायही साधे आहेत. पहिले पंधरा दिवस वाद्यांना हात लावायचा नाही. टाळी आणि तोंडाने बोल, एवढ्यावर भजन बसवायचे. मिनिटाला ७० मात्रांच्या संथ चालीत ध्रुपद वीस वेळा म्हणायचे. मग खाली मोठ्याने आणि सम मनात, असा उलटा सराव. त्यानंतर संचालकाने दोन आवर्तने (तालाचे दोन पूर्ण फेरे) गप्प राहायचे, कोरसनेही गप्प राहायचे आणि तिसऱ्या समेवर सगळ्यांनी ओळ उचलायची. सगळे एका क्षणी आले तर लय गटाच्या अंगात उतरली. नाही आले, तर ती अजून एकट्या खंजिरीतच आहे.

नव्या संचालकाची तयारी

जुनी रीत अशी की नवा मुलगा दोन-तीन वर्षे मागच्या ओळीत टाळ घेऊन बसतो आणि मग एखाद्या रात्री बुवांचा गळा बसला की खंजिरी त्याच्या हाती येते. या रीतीतून कान चांगला तयार होतो, पण संकेत देणे शिकले जात नाही. ठरवून शिकवायचे तर क्रम असा ठेवावा: टाळ वाजवत कोरस, मग फक्त खंजिरी, मग खंजिरी वाजवत कोरस, आणि सर्वांत शेवटी मुख्य गायन. खंजिरी आणि मुख्य गायन एकदम हाती दिले तर गाताना थाप शब्दांच्या मागे जाते. लांब अक्षर आले की हात थांबतो. हे ओळखण्यासाठी शिकणाऱ्याला ठेका चालू ठेवून घरातल्या कोणाशी तरी चार वाक्ये बोलायला लावावे. बोलताना ठेका तुटला नाही तर तो गायला तयार आहे.

संकेत चार पुरतात. खंजिरी खांद्याच्या वर गेली की ध्रुपद कोरसने घ्यायचे. छातीच्या खाली आली की आवाज निम्मा. फक्त चकत्या हलल्या, थाप थांबली, की गायक मोकळे बोल घेणार, सर्वांनी ठेका हलका ठेवायचा. चौथा संकेत तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर थांबण्याचा, समाप्तीचा. संकेत पूर्ण एक आवर्तन आधी द्यावा. समेवर दिलेला संकेत समेवर पाळता येत नाही, हे उघड असूनही नवे संचालक हीच चूक करतात आणि दोष कोरसला देतात.

तिहाई मोजून शिकवावी. ‘तक् धिन् धा’ हा तीन मात्रांचा तुकडा तीनदा घेतला की नऊ मात्रा होतात आणि नववी, म्हणजे शेवटचा ‘धा’, समेवर पडला पाहिजे. केरव्यात तो तुकडा समेवर सुरू केला तर नववी मात्रा नेमकी पुढच्या समेवर येते. दादऱ्यात हाच तुकडा पाचव्या मात्रेपासून उचलावा लागतो. दादऱ्यातही समेवरून उचलणारे पुष्कळ आहेत. त्यांचा शेवट तिसऱ्या मात्रेवर पडतो, तबलजी एकीकडे थांबतो, टाळ दुसरीकडे, आणि श्रोत्यांना काय चुकले ते कळत नसले तरी काहीतरी सांडले हे कळते.

प्रत्येक भजनासाठी वहीत एक पान ठेवावे: पट्टी, ताल, मिनिटाची लय, ओळ कितव्या मात्रेवर उठते, कोरस कुठे येतो, थांबा कुठे. शब्दांच्या खाली मात्रांचे आकडे लिहिले तर नवा पेटीवाला एका बैठकीत तयार होतो.

उच्चारांबाबत आधीच ठरवून घ्यावे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो; ‘डोळे’ हे ‘डोये’ होतात, ‘सगळे’ हे ‘सगये’. बोली कमी प्रतीची म्हणून कोणाला हिणवायचे कारण नाही. अडचण एवढीच की अर्धा कोरस ‘ळ’ म्हणतो, अर्धा ‘य’, आणि ओळीचा शेवट धूसर होतो. भजन प्रमाण मराठीत लिहिलेले असेल तर तसेच म्हणावे आणि असे शब्द पानावर लाल शाईने खुणावावेत.

बैठक आणि ध्वनिक्षेपक

संचालक मध्ये, पेटी एका हाताला, तबला दुसऱ्या हाताला, कोरस मागे अर्धवर्तुळात. कोणीही संचालकापासून तीन मीटरपेक्षा लांब नसावा आणि प्रत्येकाला खंजिरी दिसावी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. तीन मीटरवर उशीर जाणवत नाही. पण देवळावरचा कर्णा ५० मीटरवर असेल तर त्याचा आवाज सेकंदाच्या सातव्या भागाइतका उशिरा येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हा पाव मात्रेहून जास्त उशीर झाला. कर्ण्याच्या आवाजावर टाळ धरणारा म्हणूनच कायम मागे पडतो. कर्ण्याची तोंडे मंडळापासून पलीकडे वळवून घ्यावीत आणि टाळकऱ्यांना कानापेक्षा डोळ्यांवर विसंबायला शिकवावे. रामधुनीत रांग लांबते तेव्हाही हेच होते: खंजिरी पुढे असली की शेपूट मागे पडते. ती रांगेच्या मधोमध ठेवावी आणि पहिल्या व पाचव्या मात्रेवर पाऊल टाकावे.

मायक दोन असतील तर एक गायकाला, दुसरा कोरसला. टाळाजवळ मायक नको. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे आणि सवलत ठरावीक दिवसांपुरतीच मिळते. रात्रभर चालणाऱ्या स्पर्धेत ज्या मंडळाचा क्रम उशिरा लागतो त्याला मायकाविना गावे लागू शकते, म्हणून आठवड्यातून एक सराव मायक बंद ठेवून घ्यावा.

सरावाचे वेळापत्रक शेतीवरच बसते. पूर्व विदर्भात धानाच्या रोवणीत आणि वऱ्हाडात कापसाच्या वेचणीत संध्याकाळी माणसे थकून येतात. त्या आठवड्यांत नवे भजन घेऊ नये, जुन्याचे ध्रुपद आणि थांबे तेवढे घोळावेत. थांब्यांचा सराव सर्वांत जास्त टाळला जातो. मोझरीला महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते आणि प्रचंड समुदाय एका क्षणी गप्प होतो. दहा जणांच्या मंडळाला शेवटच्या समेनंतर तसेच थांबवायचे, तर टाळकऱ्याने वाट्या मिटून छातीशी धरायच्या, खंजिरीवाल्याने चकत्यांवर तळवा ठेवायचा, पेटीवाल्याने भात्याचा हात सोडण्याआधी बोटे उचलायची. बोटे नंतर उचलली तर उरलेली हवा सुराच्या पत्तीत शिरते आणि शांततेत एक स्वर रेंगाळत राहतो.