ॲडमिनला आपला पासवर्ड वाचता येतो का?

"डेटाबेस सांभाळणाऱ्याला सगळ्यांचे पासवर्ड दिसतात," हे वाक्य ऑफिसांमधून वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं साहजिक आहे. ॲडमिन दोन मिनिटांत पासवर्ड बदलून देतो, म्हणजे जुनाही त्याला दिसत असणार, असा आपला हिशेब.

पण बदलता येणं वेगळं, वाचता येणं वेगळं. पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर घ्या. १४व्या आवृत्तीपासून तिथे मूळ सेटिंगनुसार पासवर्ड स्क्रॅम-शा-२५६ पद्धतीने साठतो. पासवर्डात आधी 'सॉल्ट', म्हणजे कशीही निवडलेली अक्षरं, मिसळतात. मग ते मिश्रण एका गणिती प्रक्रियेतून ४०९६ वेळा दळलं जातं. उरतं ते पीठ, आणि पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत.

हे स्वतः पाहा. चाचणीच्या सर्व्हरवर दोन युजर तयार करून दोघांना एकच पासवर्ड द्या. मग ॲडमिन म्हणून 'पीजी_ऑथआयडी' या टेबलातला 'रोलपासवर्ड' रकाना उघडा. दोन्ही नोंदींची सुरुवात सारखी, ४०९६ हा आकडाही दिसेल, पण पुढची अक्षरं पूर्ण वेगळी. मूळ पासवर्ड कुठेच नाही.

मात्र सोपा पासवर्ड अंदाजाने, एकेक शब्द तसाच दळून आणि साठवलेल्या पिठाशी जुळवून, शोधता येतो. शिवाय तुमचा डेटा वाचायला ॲडमिनला तुमचा पासवर्ड लागतच नाही.

खरी गळती मला दुसरीकडेच दिसते. पासवर्ड बदलायच्या 'ऑल्टर रोल' कमांडमध्ये तो उघड टाइप केला, तर सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, जसाच्या तसा उतरू शकतो. त्याऐवजी पीएसक्यूएल या पोस्टग्रेसला कमांड देण्याच्या प्रोग्राममधली बॅकस्लॅश-पासवर्ड ही कमांड वापरा; ती दळण तुमच्याच मशीनवर उरकून मगच सर्व्हरकडे पाठवते.