वाद आणि समजूत (कोकणातील शब्दव्यवहार)

मत मांडणे, दुसऱ्याचे मत खोडणे आणि त्याला आपल्या बाजूला वळवणे यांसाठी मराठीत वापरले जाणारे शब्द, व पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावरील त्यांची वहिवाट. कोशात हे शब्द एकमेकांचे शेजारी दिसतात, पण बोलताना एकाच्या जागी दुसरा चालत नाही. समोर कोण आहे आणि भांडण झाल्यावरही उद्या त्याच्याच पाणंदीने जायचे आहे का, यावर शब्द ठरतो. कोकणातली घरे एकमेकांच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) गडगा लावून उभी असल्यामुळे इथे हा हिशेब फार जपला जातो.

वाद. मूळ संस्कृत धातू ‘वद्’, म्हणजे बोलणे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ मोडणे ही वितंडा. मराठीत वितंडा ‘वितंडवादा’त टिकली. ‘जल्प’ रोजच्या बोलण्यातून गेला, पण त्याचा अर्थ ‘वाद’ या शब्दाच्या अंगावर आला. ‘उगाच वाद घालू नको’ म्हणणाऱ्याच्या मनात शास्त्रातला वाद नसतो, जल्पच असतो. शास्त्रातला अर्थ हवा असेल तर ‘चर्चा’ किंवा ‘संवाद’ म्हणावे लागते.

क्रियापद बदलले की अर्थही बदलतो. वाद ‘घालणारा’ माणूस दोषी ठरतो. वाद ‘झाला’ म्हटले की दोष कोणाच्याच माथी येत नाही. तिसरा प्रयोग कोकणात सर्वांत जास्त ऐकू येतो: ‘त्या बागेत वाद आहे.’ इथे कोणी बोलत नसते. भावकीतली माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी अबोल असतात, निम्मी मुंबईत असतात, तरी वाद ‘असतो’. आंब्याच्या झाडासारखा तो जमिनीबरोबर पुढच्या पिढीकडे जातो.

परके शब्द. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांची मराठीत उतरंड झाली. अरबीत ‘हुज्जत’ म्हणजे पुरावा, सबळ मुद्दा. मराठीत हुज्जत म्हणजे क्षुल्लक कारणावरून ताणत नेलेले बोलणे. अरबी ‘तकरार’ म्हणजे पुनरुक्ती. आपल्याकडे ती ‘तक्रार’ झाली, आणि पुन्हापुन्हा तेच सांगण्याचा मूळ गुण तिने सोडलेला नाही. पुराव्याच्या शब्दाचा अर्थ कटकटीवर यावा ही खेदाची गोष्ट आहे. ‘मुद्दा’ मात्र वाचला. ‘मुद्द्याचं बोला’ ही आजही वाद करणाऱ्याला घातलेली सर्वांत न्याय्य अट आहे. उलट दिशेने गेलेला शब्द ‘रदबदली’. मुळात अर्थ उलटसुलट बोलणी किंवा फेरबदल असा. मराठीत मात्र दुसऱ्यासाठी कोणाकडे तरी जाऊन बोलणे, असा मायेचा अर्थ त्याला आला.

‘पंचाईत’ या देशी शब्दाचेही असेच झाले. पाच जणांनी बसून केलेला निवाडा, तिथून अडचण, आणि शेवटी ‘नसती पंचाईत’ म्हणजे नको तिथे घातलेले नाक.

बोलणे तापत गेले की कुरबुर, धुसफूस, बाचाबाची, हमरीतुमरी, खडाजंगी अशा पायऱ्या लागतात. ‘खडाष्टक’ ज्योतिषातल्या षडाष्टकावरून आले. ते एका प्रसंगाचे नाव नसून दोघांमधल्या कायमच्या न जुळण्याचे आहे. मालवणीत ‘झगडो’ हा सर्वसाधारण शब्द.

कज्जा. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, सातबारा सामायिक आणि नावे पुष्कळ. काही ठिकाणी झाड एकाच्या वाट्याचे तर खालची जमीन दुसऱ्याची. त्यात १९४८ चा कूळ कायदा आणि १९४९ चा खोती (गावच्या सारावसुलीचे वतन) निर्मूलनाचा कायदा आल्यावर कोण कूळ, कोण मालक, कोणाची वहिवाट जुनी, हे प्रश्न कागदावर आले. त्यामुळे वादी, प्रतिवादी, कैफियत, हिस्सा, तडजोड हे कचेरीतले शब्द इथे घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडी असतात. ‘कज्जेदलाल’ हा शब्द कोकणी माणसाला हसण्यासाठी वापरला जातो. तो अन्यायाचा आहे. ज्याच्याजवळ चार गुंठ्यांपलीकडे काही नाही, त्याला बांधाची वीतभर जागा सोडणे परवडत नाही. न्यायालयातल्या बोलण्याला ‘युक्तिवाद’ म्हणतात. त्यातली ‘युक्ती’ म्हणजे चलाखी नव्हे, तर्काने जुळणारी गोष्ट.

समजूत, पटणे, भीड. ‘समजूत काढणे’ आणि ‘समजूत घालणे’ यांची सरमिसळ होते, पण कान असलेला माणूस फरक करतो. रुसलेल्याची समजूत काढतात, कारण त्याच्या आतला सल काढायचा असतो. अडून बसलेल्याची समजूत घालतात, कारण त्याच्या मनात नवा विचार घालायचा असतो. गणपतीला चाकरमानी घरी आले की दोन्ही कामे एकाच पडवीत चालतात: धाकट्याची समजूत काढायची आणि थोरल्याला वाटपाला तयार करायचे.

‘पटणे’ हे क्रियापद व्यापारातही तितकेच मुरलेले. सौदा पटतो, पूर्वी हुंडी पटत असे, दोन माणसांचे पटते, आणि विचारही पटतो. म्हणजे मराठी माणसाच्या लेखी विचार मान्य होणे हे रक्कम चुकती होण्यासारखे आहे. सांगणाऱ्याने कितीही सांगावे, पटायचे ते ऐकणाऱ्यालाच. ‘माका पटला नाय’ एवढे मालवणीत म्हटले की पुढे कारण देण्याची सक्ती नसते. पटवू पाहणारा सुरुवात करतो ती ‘वायच आयक’ने. ‘थोडे ऐक’ एवढीच मागणी, ‘मान्य कर’ नव्हे.

‘भीड’ हा या व्यवहारातला सर्वांत नाजूक शब्द. भीड म्हणजे भीती नव्हे आणि निव्वळ आदरही नव्हे; ज्याच्यामुळे ‘नाही’ म्हणवत नाही असे नाते. भीड घालतात, भीड पडते, भिडेखातर होकार दिला जातो, भीड मोडवत नाही. यात मुद्दा जिंकत नाही, माणूस जिंकतो. म्हणूनच वाटाघाटीच्या बैठकीला मामा किंवा गावातला वयस्क मास्तर बोलावतात. असा माणूस ‘शब्द टाकतो’, आणि समोरचा ‘शब्द खाली पडू देत नाही’. ‘गळ घालणे’ त्याहून चिवट: गळ म्हणजे मासे धरायचा आकडा. किनाऱ्यावरच्या माणसाला यातली दोरीही दिसते, ओढही कळते. ‘गळी उतरवणे’ आणि ‘भरीस घालणे’ यांत ऐकणाऱ्याचे हित धोक्यात असते. चांगल्या कामासाठी कोणी ‘भरीस घातले’ असे सहसा म्हणत नाही.

‘बोली’ हा एकच शब्द भाषेसाठी, ठरलेल्या अटीसाठी आणि लिलावातल्या किमतीसाठी चालतो. दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव लागतो, तिथे बोली वर चढते. बाजारात कोळणीपुढच्या वाट्यावर घासाघीस होते, तिथे भाव खाली ओढायचा असतो.

रंगभूमीवरील वाद. सिंधुदुर्गातल्या दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले, संवाद मात्र नट उभ्याउभ्या रचतात. राजा आणि ऋषी यांच्यातली शब्दांची चकमक रंगली की प्रेक्षक युद्धनृत्याइतकीच तिला दाद देतात. रत्नागिरीकडच्या जाखडीत, म्हणजे नाचगाण्याच्या लोककलेत, शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष प्रकृती थोर की पुरुष थोर यावर सवाल-जवाब करतात. जल्पाला इथे मानाची जागा मिळाली आहे.

गाऱ्हाणे आणि कौल. देशावर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. दक्षिण कोकणात गाऱ्हाणे ‘घालतात’ ते देवापुढे: गावकर किंवा जाणता माणूस ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक घालून गावाची, घराची, परगावी गेलेल्या लेकरांची कैफियत मांडतो आणि प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बोलणारा एक असला तरी मागणी सगळ्यांची होते. ज्याच्याशी वाद आहे त्या भावालाही त्याच रांगेतून ‘व्हय’ म्हणावे लागते. मनधरणीचा याहून पूर्ण प्रकार मराठीत दुसरा नाही.

उत्तर हवे असेल तर कौल लावतात. ‘कौल’ अरबीत म्हणजे शब्द, वचन. जमिनीच्या कौलनाम्यात आणि निवडणुकीतल्या जनतेच्या कौलात तोच आहे. देवळात गुरव ओल्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदूळ मूर्तीला चिकटवतो आणि उजवीकडचे आधी पडले की डावीकडचे, यावरून होकार-नकार समजतात. खुणा देवळागणिक वेगळ्या असतात. नकाराचा कौल आला तरी बोलणे संपत नाही. गुरव प्रश्न थोडा बदलतो, एखादी अट सैल करतो आणि पुन्हा विचारतो: ‘ह्या वर्षी नाय, तर फुडल्या वर्षी चलात काय, म्हाराजा?’