जुनी सीझर लिफ्ट की जुनी बूम लिफ्ट: पैसे मोजण्याआधी

कुपवाड एमआयडीसीत शेडचे पत्रे बदलायचे असोत, मिरजेच्या गोदामात दिवे लावायचे असोत किंवा गळीत हंगाम संपल्यावर साखर कारखान्यात रंगकाम निघालेलं असो, हल्ली परांची बांधण्याऐवजी मॅनलिफ्ट, म्हणजे माणसाला उंचावर उचलून धरणारं यंत्र, मागवली जाते. भाड्याची बिलं साठत गेली की कुणीतरी हिशोब मांडतं आणि सेकंडहँड घेऊनच टाकायचं ठरतं. घोळ होतो तो इथून पुढे. कारण मॅनलिफ्ट या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकायला असतात. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. केशरी जेएलजी असो की निळी जिनी, दोन्ही कंपन्या दोन्ही प्रकार बनवतात.

सीझर लिफ्ट म्हणजे कैचीसारख्या उघडणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या पट्ट्यांवर बसवलेला प्लॅटफॉर्म. ती जिथे उभी असते तिथून सरळ वर जाते. काही मॉडेलांत प्लॅटफॉर्म थोडा पुढे सरकतो, पण तो दोन-तीन फूटच. बूम लिफ्टला लांब हात असतो, त्याच्या टोकाला बास्केट, आणि सगळा वरचा भाग टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या बैठकीवर, फिरतो. आर्टिक्युलेटिंग बूमचा हात कोपरात वाकतो, त्यामुळे मधला अडथळा ओलांडून पलीकडे जाता येतं. ४५ फुटी आर्टिक्युलेटिंग बूम आडवी साधारण २५ फूट पोचते.

हळदीच्या गोदामाचं उदाहरण घ्या. पोत्यांच्या थप्प्या भिंतीपासून पार मध्यापर्यंत लागलेल्या असतात आणि खराब झालेला दिवा बरोबर थप्पीच्या वर. सीझर लिफ्ट तिथे निरुपयोगी, कारण थप्पीवर ती चढू शकत नाही आणि बाजूला उभी राहून हात पोचत नाही. हेच गोदाम रिकामं असेल आणि सपाट कोब्यावर ओळीने पन्नास दिवे बदलायचे असतील, तर बूम आणणं म्हणजे पैसे उडवणं. सीझरवर दोघं जण सामान घेऊन उभे राहतात आणि दिव्याखालून दिव्याखाली सरकत काम भराभर उरकतं.

उंचीच्या आकड्यांतही लोक चुकतात. जाहिरातीत कधी प्लॅटफॉर्मची उंची सांगतात, कधी कामाची. कामाची उंची म्हणजे प्लॅटफॉर्मच्या उंचीत साधारण ६ फूट मिळवून, म्हणजे माणूस हात वर करून जिथवर पोचेल तिथवर. १९३० हा सीझरचा फार चालणारा आकार आहे: १९ फूट प्लॅटफॉर्मची उंची आणि ३० इंच रुंदी. तीच लिफ्ट एक विक्रेता १९ फुटी म्हणून विकतो, दुसरा २५ फुटी म्हणून. पाटीवरचा मॉडेल नंबर वाचा, तोंडी आकडा धरू नका.

आता जमिनीचं. आपल्याकडे हा मुद्दा उंचीइतकाच महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारला जात नाही. छोट्या इलेक्ट्रिक सीझरची चाकं लहान आणि भरीव असतात, तळ जमिनीला जवळजवळ टेकलेला. ती काँक्रीटसाठीच बनवलेली असते. प्लॅटफॉर्म वर जाताना तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या खाली उतरतात, त्यांना पॉटहोल गार्ड म्हणतात. चाक खड्ड्यात गेलं तर यंत्र कलंडू नये म्हणून त्या असतात. अशा बऱ्याच लिफ्ट बाजूला दीड अंश कलल्या तरी अलार्म देतात आणि वर जायचं नाकारतात. डिझेलवरची फोर व्हील ड्राइव्ह बूम कच्च्या रस्त्यावर चालते खरी, पण ती ६-७ टनांची असते आणि हात एका बाजूला लांबवला की त्या बाजूच्या चाकांवर भार एकवटतो. कृष्णाकाठची काळी माती पावसानंतर वरून वाळलेली दिसते, आत ओलीच असते. तिथे, आणि गटाराच्या किंवा शोषखड्ड्याच्या झाकणाशेजारी, बूम उभी करण्याआधी जमीन तपासलीच पाहिजे. वाऱ्याचंही तसंच, उंचावरची लिफ्ट त्याने कलंडू शकते. काही छोट्या सीझरच्या पाटीवर बाहेर वापर मना असतो, काहींवर बाहेर एकाच माणसाला परवानगी असते.

जुनी सीझर बघायला गेलात की आधी बॅटऱ्या उघडा. बहुतेकांत ६ व्होल्टच्या चार डीप सायकल बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. "मालक, बॅटऱ्या नव्याकोऱ्या टाकल्यात," असं ऐकायला मिळेल. कोणत्या टाकल्यात ते बघा. ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बसवून दिलेल्या असतात. त्या इंजिनला दोन सेकंद जोराचा झटका देण्यासाठी असतात, दिवसभर हळूहळू रिकामं होणं त्यांना झेपत नाही. शिवाय बॅटरीचं वजन हा यंत्राच्या तोलाचा भाग असतो, म्हणून कंपनी कमीत कमी वजन ठरवून देते. हलकी बॅटरी स्वस्त पडते आणि लिफ्टचा तोल बिघडवते. पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) घ्या. १.२६५ ते १.२८० च्या आसपास यायला हवी. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने मागे असेल तर ती बॅटरी गेली म्हणून समजा आणि किंमत त्या हिशोबाने पाडून मागा.

बॅटऱ्यांनंतर पट्ट्यांच्या सांध्यांतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीचे बुश (कड्यासारखे अस्तर). प्लॅटफॉर्म दोन-तीन फूट वर घेऊन कठडा धरून आडवा हलवा. थोडी हालचाल असतेच, पण सांध्यातून खटखट आवाज येत असेल आणि पिनेभोवती काळपट-तांबूस भुकटी जमलेली दिसत असेल तर बुश झिजलेत. वेल्डिंगवर ताजा रंग फासलेला असेल तिथे खरवडून बघायला संकोच करू नका. पट्ट्यांखाली वाकून काही तपासायचं असेल तर सेफ्टी आर्म (पट्ट्या खाली मिटू न देणारा टेकू) लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही, विक्रेता कितीही घाई करो.

बूमचं दुखणं सहज दिसत नाही, आणि बूम महागात पडते ती त्यामुळेच. पहिली शंका टर्नटेबलच्या बेअरिंगची. हात जमिनीपासून थोडा उचलून ठेवायचा, एकाने बास्केट खालून वर ढकलायची आणि दुसऱ्याने टर्नटेबल आणि चेसिसमधल्या फटीवर टॉर्च मारून नजर ठेवायची. फट उघडमीट करताना दिसली तर बेअरिंग झिजलंय किंवा बोल्ट सैल आहेत. बेअरिंग बदलायचं म्हणजे वरचा सगळा भाग क्रेनने उचलावा लागतो. खरेदीचा सगळा फायदा त्या एका कामात जाऊ शकतो.

मग बूमचा हात पूर्ण लांबवून बघा. एका नळीतून दुसरी नळी सरकते तिथे वेअर पॅड, म्हणजे घासून झिजण्यासाठीच बसवलेल्या चकत्या, असतात. ते संपले की लोखंड लोखंडावर घासतं आणि नळीवर लांब चरे पडतात. आतल्या वायर रोपच्या किंवा चेनच्या टोकांचे तुटलेले पदर, होजना पडलेल्या भेगा, ड्राइव्ह हबखाली (चाक फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याखाली) तेलाचे डाग हे बघाच. बूमचा हात वर करून दहा मिनिटं थांबा. तो आपोआप खाली येत असेल तर सिलिंडरचं सील किंवा तेल अडवून धरणारा होल्डिंग व्हॉल्व्ह गळतोय. ही परीक्षा सीझरलाही लागू आहे. तसंच आणीबाणीत खाली आणायची सोय: सीझरला खालून ओढायचा दांडा किंवा नॉब, बूमला वेगळा सहायक पंप. दोन्ही स्वतः चालवून बघा.

बास्केटमधल्या फूटस्विचकडे, म्हणजे पायाने दाबून धरला तरच यंत्र हलू देणाऱ्या बटणाकडे, मी सगळ्यात आधी बघतो. तो वायरने दाबून बांधलेला असेल किंवा पाचर मारून अडकवलेला असेल, तर आधीच्या मालकाने लिमिट स्विच (हालचाल मर्यादेवर थांबवणारा) आणि टिल्ट सेन्सर (कलणं ओळखणारा) हेही बायपास केले असणार असं धरून मी चालतो. अशी बूम कितीही स्वस्त असो, मी तिच्या वाटेला जात नाही. त्यावर चढणारा पोरगा कुणाचा तरी मुलगा असतो.

सांगलीत आणखी एक गोष्ट विचारा: यंत्र २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात कुठे उभं होतं? सखल भागातल्या गोदामांत पाणी शिरलं होतं आणि त्या पाण्यातून निघालेली यंत्रं धुऊन-रंगवून पुढे गेलेली असू शकतात. कंट्रोल बॉक्सचं झाकण काढा. कनेक्टरवर हिरवट थर, कोपऱ्यात बारीक वाळलेला गाळ, चार्जरच्या पंख्यात माती दिसली तर सौदा सोडा. सीझरचा चार्जर, मोटर कंट्रोलर सगळं खाली चाकांच्या पातळीला असतं, त्यामुळे पुराचा फटका तिला बूमपेक्षा लवकर बसतो.

घेतल्यावरची निगा दोघींची वेगळी. सीझर रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायची, पूर्ण चार्ज झाल्यावरच डिस्टिल्ड वॉटर भरायचं. आधी भरलं तर ॲसिड उतू जातं. चार्जिंगपूर्वी प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तर त्या बुडण्यापुरतंच घालावं. डिझेल बूमला इंजिनची देखभाल आहेच, वर ग्रीसिंग, टर्नटेबलचे बोल्ट टॉर्कने तपासणं आणि हायड्रॉलिक फिल्टर. उसाच्या हंगामात चिपाडाचा भुसा रेडिएटरमध्ये गच्च बसतो, तो आठवड्याला हवेने काढावा.

बूममध्ये हार्नेस (अंगावर बांधायचा सुरक्षा पट्टा) सक्तीचाच. चाक खड्ड्यात आदळलं की लांब हाताच्या टोकाची बास्केट माणसाला बाहेर फेकते. हार्नेसची दोरी बास्केटमधल्या ठरवलेल्या कडीलाच अडकवायची, शेजारच्या ट्रसला (छताच्या लोखंडी सांगाड्याला) नाही. आणि या लिफ्ट विजेपासून इन्सुलेट केलेल्या नसतात, त्यामुळे महावितरणच्या तारांजवळ दोन्ही तितक्याच धोक्याच्या.

माझं मत विचाराल तर पहिल्या खरेदीला सीझर घ्यावी आणि बूम लागेल तेव्हा भाड्याने आणावी. बाहेरची, अडथळ्यांवरची कामं वर्षभर हातात असतील तरच बूमकडे वळावं. तेव्हाही सीरियल नंबरची पाटी शाबूत हवी, परदेशातून आलेली असेल तर कस्टमचे कागद हवेत, सक्षम व्यक्तीचा, म्हणजे अशा तपासणीची मान्यता असलेल्या तज्ज्ञाचा, ताजा तपासणी दाखला हवा आणि त्या नंबरचं मॅन्युअल हवं. सुट्या भागांची ऑर्डर सीरियल नंबरवरच जाते. पाटी खरवडलेली असेल तर साधं सील मागवतानाही अडाल.