मुंजा

मुंजा : मुंज झाल्यावर, पण सोडमुंज होण्याआधीच वारलेल्या मुलाचे भूत. पिंपळावर किंवा विहिरीच्या आसपास त्याचा मुक्काम असतो, अशी महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात समजूत आहे. मुंजाबा, मुंजोबा ही त्याची आदराची नावे. समंध, खवीस, वेताळ, हडळ, जखीण अशा भरल्या घरात हे शेंडेफळ आणि लग्नासाठी हटून बसलेलेही तेच.

हा हट्ट कुठून आला ते सोडमुंजीत कळते. मुंजीत बटूच्या कमरेला मुंज नावाच्या गवताची मेखला बांधतात, म्हणून ती मौंजी किंवा मुंज. तेव्हापासून ब्रह्मचर्य सुरू होते, ते सुटते सोडमुंजीला, म्हणजे समावर्तनाला. त्या दिवशी बटू छत्री-काठी घेऊन काशीला निघाल्याचे सोंग करतो. दोन-चार पावले गेला की मामा आडवा येतो : ‘नको जाऊस, माझी मुलगी देतो तुला.’ बटू परततो, मांडव हसतो, आणि जिचा उल्लेख झाला ती फ्रॉकातली मुलगी आईच्या पदराआड जाते. मुंजाची सगळी व्यथा या थट्टेत आहे. मेखला बांधली गेली, पण मामा आडवा यायच्या आत मुलगा गेला. काशीही नाही आणि मामाची मुलगीही नाही. मग पिंपळ.

तो बायकांच्या, त्यातही तरुण मुलींच्या मागे लागतो असे मानतात. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून पिंपळाखालून जाऊ नये, हा आज्यांचा दंडक त्यातूनच आलेला. मात्र खविसाची दहशत मुंजाला नाही. त्याचा त्रास बराचसा व्रात्य पोराचा वाटतो. भाषेनेही त्याला फारसे भिऊन घेतलेले नाही : ज्याचा एका जागी ठिकाणा नाही अशा फिरस्त्या, सड्या माणसाला ‘बारा पिंपळांवरचा मुंजा’ म्हणतात. शिवाय मुंज झालेल्या जिवंत, अविवाहित मुलालाही मुंजाच म्हणतात. कुळधर्माला सवाष्ण आणि ब्राह्मण यांच्याबरोबर ‘मुंजा’ जेवायला सांगायची रीत आहे. पाटावरचा आणि पिंपळावरचा, दोघांचे नाव एकच.

मुंजा व्हायला आधी मुंज व्हावी लागते, त्यामुळे हे भूत मुळात जानवेवाल्या जातींचे आणि फक्त पुरुषांचे. मेल्यावरही जात सुटली नाही, असे इथे अक्षरशः म्हणता येते. मुंजाबाला नारळ ठेवणारे लोक मात्र सर्व जातींचे असतात. पुण्यात मुंजाबाचा बोळ आहे, धानोरीला मुंजाबा वस्ती आहे.

अविवाहित मेलेल्याची इच्छा मागे राहते, ही धास्ती मुंजापुरती नाही. अविवाहित पुरुष वारला तर दहनाआधी त्याचे रुईच्या झाडाशी लग्न लावण्याची चाल होती. जिवंतपणी तिसरे लग्न करणाऱ्याचेही आधी रुईशीच लावत, म्हणजे माणसाशी होणारे लग्न चौथे ठरे आणि तिसरेपणाचा दोष रुईवर जाई. पिंपळाची मुंज करून त्याचे तुळशीशी लग्न लावणे हेही पुण्याचे काम मानले जाई. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तुळुनाडात तर लहानपणी गेलेल्या मुलामुलींची, ती लग्नाच्या वयाची झाली असती तेव्हा, एकमेकांशी लग्ने लावतात. तिथे वधू आणि वर दोघेही मृत असतात. मुंजाला हा तोडगा चालत नाही, त्याला मुलगी जिवंतच हवी.

कोकणातल्या या समजुतींची टिपणे ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने जमवली होती. नाशिकचा कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. प्रयोग होता ‘शारदा’ नाटकाचा, म्हणजे म्हातारा नवरा आणि कोवळी नवरी अशा न जुळणाऱ्या लग्नाचाच. पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी ती टिपणे संपादून १९१५ मध्ये प्रसिद्ध केली. मुंजा त्या इंग्रजी छापातही आहे.

पडद्यावर त्याला उशिरा, पण अगदी त्याच्या स्वभावाला साजेसे काम मिळाले. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट ७ जून २०२४ रोजी आला. गोट्या नावाच्या मुलाचा जीव आपल्याहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीवर जडतो, घरचे त्याची मुंज उरकतात आणि तो मरून मुंजा होतो. काळ पुढे सरकतो, मुन्नी म्हातारी होते, याचे वय मात्र तेवढेच. मग तो आपल्याच घराण्यातल्या पुण्याच्या एका भित्र्या तरुणाच्या मानगुटीवर बसून ‘लग्न लावून दे’ असा लकडा लावतो. भय आणि हसू यांत इथे हसू वरचढ आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण मूळ समजुतीतच एक रुसलेले पोर बसले आहे. सरपोतदारांना मेलेल्यांचे वावडे नाहीच. ‘झोंबिवली’त (२०२२) त्यांनी डोंबिवलीत झोंबी सोडले होते, आणि ‘थामा’त (२०२५) माणूस व बेताळ (म्हणजे वेताळ) यांचे प्रेम जमवले. तिथे नायिकाच बेताळांच्या जातीची आहे, त्यामुळे पिंपळावरच्या पोराला जे जमले नाही ते निदान तिला जमते.