४ ने आणि ६ ने भाग जातो. मग १२ ने की २४ ने?

स्पर्धा परीक्षांच्या अंकगणितात हा प्रश्न आकडे बदलून पुन्हा पुन्हा येतो: ‘एका संख्येला ४ ने आणि ६ ने निःशेष भाग जातो. तर तिला पुढीलपैकी कोणत्या संख्येने नक्की भाग जाईल? ८, १२, १८, २४.’ चार सक चोवीस म्हणत पुष्कळ मुलं २४ वर खूण करतात. उत्तर १२ आहे.

आता याचं जुळं भावंड बघा. ‘क ला ४ ने भाग जातो, ख ला ६ ने भाग जातो. क × ख ला कशाने नक्की भाग जाईल?’ इथे मात्र २४ अगदी बरोबर. आकडे तेच आहेत, पण पहिल्या प्रश्नात दोन्ही अटी एकाच संख्येला लावल्या आहेत आणि दुसऱ्यात दोन वेगळ्या संख्यांना. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून प्रश्न वाचताना आधी एवढंच बघायचं: संख्या एक की दोन?

कारण मूळ अवयवांत आहे. ४ म्हणजे २ × २, आणि ६ म्हणजे २ × ३. एकाच संख्येला ४ ने भाग जातो याचा अर्थ तिच्या पोटात निदान दोन २ आहेत. ६ ने जातो म्हणजे एक २ आणि एक ३ आहे. पण ६ ला लागणारा तो २ नवा कशावरून? ४ साठी मोजलेल्यांपैकीच एक असू शकतो. शंभराची एकच नोट दोघांना दाखवली म्हणून खिशात दोनशे होत नाहीत. तेव्हा खात्रीने हाती लागतात दोन २ आणि एक ३, म्हणजे १२, हाच ४ आणि ६ चा लसावि (लघुतम सामाईक विभाज्य). २४ ला तीन २ लागतात. क आणि ख वेगळे असतात तेव्हा क चे दोन २ क चे, ख चा एक २ ख चा. गुणाकारात तिन्ही जमा होतात आणि ३ ही येतो.

पडताळा घ्यायला लसाविच वापरावा. १२ ला ४ ने भाग जातो, ६ ने जातो. ८, १८ किंवा २४ ने जात नाही. एका संख्येत तीन पर्याय बाद.

विभाज्यतेच्या कसोट्यांतही हीच गफलत होते. समजा ७क३२ख या पाच अंकी संख्येला ७२ ने निःशेष भाग जायला हवा (इथे क आणि ख हे एकेक अंक आहेत). ७२ फोडायचे ते ८ आणि ९ असे, कारण त्या सहमूळ आहेत, त्यांच्यात सामाईक अवयव नाही. ८ साठी शेवटचे तीन अंक बघू: ३२ख ला ८ ने भाग जायचा तर ख ० किंवा ८. ९ साठी अंकांची बेरीज १२ + क + ख, तिला ९ ने भाग जायला हवा. ख = ० धरला तर क = ६; ख = ८ धरला तर क = ७. संख्या दोनच: ७६३२० आणि ७७३२८. कुणी ७२ = ६ × १२ असं फोडून त्या दोन कसोट्या लावल्या तर फक्त १२ ची विभाज्यता तपासली जाते, आणि दहा संख्या पास होतात. त्यांतली ७०३२० घ्या. तिला ६ ने भाग जातो, १२ ने जातो, ७२ ने जात नाही. माझ्या मते कसोट्या पाठ करण्याआधी मूळ अवयव पाडण्याची सवय लागायला हवी. नाहीतर पाठ केलेली कसोटी चुकीच्या जागी लागते आणि उत्तर चुकल्याचं कळतही नाही.

सम-विषम म्हणजे तरी काय, २ ने भाग जातो की नाही एवढीच चौकशी. दोन सम संख्यांच्या बेरजेबद्दल ती सम आहे इतकंच ठामपणे सांगता येतं, पण त्यांच्या गुणाकाराला ४ ने भाग जातोच. यावरचा एक सुंदर प्रश्न: न ही १ पेक्षा मोठी विषम संख्या असेल, तर न³ − न ला कोणत्या मोठ्यात मोठ्या संख्येने नेहमी भाग जाईल? अवयव पाडले की (न − १) × न × (न + १) मिळतं, म्हणजे लागोपाठच्या तीन संख्या. दोन टोकांच्या सम, आणि लागोपाठच्या दोन सम संख्यांपैकी एकीला ४ ने भाग जातोच. म्हणून एकीचे दोन आणि दुसरीचा एक, असे निदान तीन २. तिघींपैकी एकीला ३ ने भाग जातो. उत्तर २४. न = ३ घेतल्यास नेमके २४ च येतात, त्यामुळे याहून मोठी संख्या शक्यच नाही. इथे २ ची बेरीज करता आली, कारण ते वेगवेगळ्या संख्यांचे होते.

यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये, हाच मुद्दा ‘विधाने पुरेशी आहेत का’ या प्रकारात बसवता येतो. ८० प्रश्न, २०० गुण, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा. त्यामुळे घाईची खूण महागात पडते. प्रश्न असा समजा: न या नैसर्गिक संख्येला २४ ने भाग जातो का? विधान १: न ला ४ ने भाग जातो. विधान २: न ला ६ ने भाग जातो. दोन्ही एकत्र घेतली तरी न १२ असू शकतो, २४ ही असू शकतो. म्हणजे दोन्ही मिळूनही अपुरी. विधान २ बदलून ‘न² ला २४ ने भाग जातो’ असं केलं तर? वर्गात प्रत्येक मूळ अवयव जोडीने येतो, तीन २ हवेत म्हणजे चार असणारच, म्हणून न मध्ये दोन २ आणि एक ३ नक्की. पुन्हा १२ च हाती येतात आणि उत्तर तेच: अपुरी. ‘न ला ३ ने आणि ८ ने भाग जातो’ असं दिलं असतं, तर मात्र पुरेसं होतं.