तेरेझीनची बालचित्रे

तेरेझीनची बालचित्रे : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींच्या तेरेझीन घेट्टोत, म्हणजे ज्यूंना डांबून ठेवण्याच्या वस्तीत (आजचे चेक प्रजासत्ताक), कोंडलेल्या ज्यू मुलामुलींनी काढलेली सुमारे साडेचार हजार चित्रे. यांतली बहुतेक चित्रे फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीच्या वर्गात तयार झाली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. युद्धात सापडलेल्या मुलांकडून चित्रे काढून घेण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. स्पेनच्या यादवी युद्धातल्या मुलांच्या चित्रांचे पुस्तक १९३८ मध्येच निघाले होते. पण छळाच्या ऐन मध्यावर, पुढच्या आठवड्यात वर्गात कोण उरेल याची खात्री नसताना, इतक्या पद्धतशीरपणे चाललेला चित्रकलेचा वर्ग दुसरा दाखवणे कठीण आहे.

तेरेझीन हे प्रागच्या उत्तरेला साधारण ६० किलोमीटरवर असलेले तटबंदीचे गाव. सम्राट दुसरा जोसेफ याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते लष्करी ठाणे म्हणून वसवले आणि आपली आई मारिया थेरेसा हिचे नाव त्याला दिले. जर्मन भाषेत ते थेरेसिएनष्टाट. २४ नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी तिथे ज्यूंना आणून ठेवायला सुरुवात केली. युद्धापूर्वी सैनिक धरून जेमतेम सात हजार माणसांच्या या गावात सप्टेंबर १९४२ मध्ये ५८ हजारांहून अधिक लोक कोंबले गेले होते. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,४०,००० लोक इथे आणले गेले. त्यांतले सुमारे ३३,००० भूक, आजार आणि हालअपेष्टांनी इथेच मेले. सुमारे ८८,००० जणांची रवानगी पूर्वेकडच्या घेट्टोंत आणि मृत्युछावण्यांत झाली.

बरीचशी मुले आईवडिलांपासून वेगळी, ‘बालगृहां’त राहत. एल ४१० ही इमारत मुलींची, एल ४१७ मुलांची. ही दुसरी इमारत पूर्वी गावची शाळा होती. एकेका खोलीत वीस-तीस जण, लाकडी तिमजली बाकांवर झोपायचे. शिकवण्यावर बंदी होती, पण गाणी, हस्तकला आणि चित्रे यांना हरकत नव्हती. त्या फटीतून ज्यू शिक्षकांनी जमेल तेवढी शाळा आत आणली. या मुलांची भीती बाँबगोळ्यांची नव्हती. ती यादीची भीती होती. रवानगीची यादी निघायची, कागदाच्या चिटोऱ्यावर नाव यायचे आणि शेजारचा बाक सकाळी रिकामा झालेला असायचा. गाडी कुठे जाते हे मुलांना ठाऊक नव्हते. गेलेले परत येत नाहीत, एवढे मात्र कळत होते.

फ्रीडल डिकर यांचा जन्म ३० जुलै १८९८ रोजी व्हिएन्नात झाला. चित्रकार आणि कलाशिक्षक योहानेस इटेन यांच्याकडे त्या व्हिएन्नात शिकल्या आणि १९१९ मध्ये त्यांच्याबरोबर वायमारच्या बाउहाउस कलाशाळेत गेल्या. पुढे फ्रान्झ सिंगर यांच्यासोबत व्हिएन्नात त्यांचे कार्यालय होते. तिथे घरे, फर्निचर, कापड यांचे आराखडे होत. त्या कम्युनिस्ट होत्या. १९३४ मध्ये अटक झाली, चौकशी झाली. सुटल्यावर त्या प्रागला गेल्या आणि तिथे त्यांनी ती चौकशी रंगवली. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली मला या चित्रांत दिसते. मुलांना ज्या वाटेने नेले, ती वाट या बाईने आधी स्वतः तुडवली होती. प्रागमध्येच त्यांनी निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवायला सुरुवात केली. १९३६ मध्ये पाव्हेल ब्रांडाइस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पॅलेस्टाइनला जाण्याची वाट त्यांना खुली झाली होती. ती त्यांनी घेतली नाही.

डिसेंबर १९४२ मध्ये पतिपत्नींना तेरेझीनला नेण्यात आले. माणशी ५० किलो सामानाची मुभा होती. लोक गरम कपडे, भांडी, टिकाऊ खाऊ भरत. फ्रीडल यांनी कागद आणि रंग भरले. मुलांच्या नाटकात जंगल म्हणून वापरता येतील म्हणून चादरीही रंगवून घेतल्या, असे सांगतात.

वर्ग बहुतेक वेळा एल ४१० मध्ये भरे. ‘तुला कशाची भीती वाटते ते काढ’ असे या वर्गात मुलांना सांगितले जात नसे. तासाची सुरुवात हात मोकळे करण्यापासून होई. इटेन यांच्या शिकवणीप्रमाणे आधी श्वास, मग ताल. बाई ताल धरायच्या आणि त्या तालावर मुलांनी कागदावर रेघ ओढायची, वळवायची, उचलायची. दिवसभर रांगेत आणि हुकमात आखडलेला हात इथे सैल व्हायचा. त्यानंतर समोरच्या वस्तूचे रेखाटन, आठवणीतून चित्र, मोठ्या चित्रकारांच्या छापील चित्रांवरून रचना समजून घेणे, असा क्रम असे. कधी एखादी गोष्ट सांगून त्यावर मनाने काढायला सांगत. वर्गात एकमेकांचे बघून काढायचे नाही, चित्राला मार्क नाहीत, स्पर्धा नाही.

साहित्याची टंचाई होती, म्हणून कार्यालयांतले वापरलेले फॉर्म, पाकिटे, वेष्टणाचे कागद, काहीही चाले. आजही ही चित्रे जवळून पाहिली की ते दिसते. कोलाजमधल्या, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रातल्या, डोंगरावर नीट पाहिले तर छापील रकान्यांच्या उभ्याआडव्या रेघा उमटलेल्या असतात, कारण तो डोंगर कुठल्याशा नोंदवहीच्या पानातून फाडलेला असतो. माणसांच्या याद्या करणाऱ्या कारभाराचाच तो कागद. मुलांनी तो फाडला आणि त्याचे आभाळ केले, कुंपण केले, फुलदाणी केली. कात्री नसली तरी कागद हाताने फाडता येतो, आणि फाडलेली कडा कापलेल्या कडेपेक्षा जिवंत दिसते.

जुलै १९४३ मध्ये एल ४१० मध्ये या चित्रांचे प्रदर्शन मांडले गेले. त्याच सुमारास फ्रीडल यांनी तेरेझीनमधल्या शिक्षकांपुढे मुलांच्या चित्रांवर व्याख्यान दिले. मुलांना चित्रकार बनवणे हा या वर्गाचा हेतू नाही, त्यांच्यातली निर्मितीची आणि स्वतंत्रपणे पाहण्या-ठरवण्याची शक्ती मोकळी करणे हा आहे, अशी त्यांची मांडणी होती. मोठ्यांनी आपली घाई आणि आपली आवड मुलांवर लादू नये, याबद्दल त्या आग्रही होत्या. जिथे कधी उठायचे, कुठे झोपायचे, काय खायचे यातले काहीच मुलांच्या हाती नव्हते, तिथे निळा घ्यायचा की पिवळा, एवढे तरी त्यांच्या हाती आले. ‘आशा’ हा शब्द या चित्रांबद्दल फार सैलपणे वापरला जातो. मला ती आशा रंग निवडणाऱ्या त्या हातात दिसते. चित्रातल्या फुलपाखरात ती असेलच असे नाही.

चित्रांचे विषय पाहिले तर घर सर्वांत जास्त. खिडकीला पडदा, दाराशी वाट, धुरांडे. मग बागा, जहाजे, प्राणी, फुलपाखरे, सणाचे जेवण मांडलेले टेबल. तिमजली बाक, आजाऱ्यांची खोली, पहारेकरी हे विषयही आहेत, पण त्यांचे प्रमाण कमी. त्यावरून मुलांना सत्य दिसत नव्हते असे म्हणणे चूक ठरेल. भीती या चित्रांत आपल्या वेळेने आणि आपल्या रूपात येते. कुणी दार काढायचेच विसरते, तर कुणाच्या घराला कुंपणावर कुंपण असते.

याच्या अगदी उलट वाट हेल्गा वाइसोव्हा या मुलीची. १९२९ मध्ये प्रागला जन्मलेली हेल्गा डिसेंबर १९४१ मध्ये तेरेझीनला आली. तिने बर्फाचा माणूस करणाऱ्या मुलांचे चित्र काढून पुरुषांच्या बराकीत वडिलांकडे लपवून धाडले. वडिलांचा निरोप आला : ‘जे दिसतंय ते काढ.’ तेव्हापासून तिने जेवणाच्या रांगा, सामान ओढत येणारी माणसे, प्रेतांच्या गाडीतून वाहून नेले जाणारे पाव असे सारे काढले. ऑशविट्झच्या मृत्युछावणीत रवानगी होण्यापूर्वी तिने हा गठ्ठा काकांकडे दिला आणि त्यांनी तो भिंतीत चिणून ठेवला. हेल्गा वाचली, पुढे चित्रकार झाली. एकीने जे दिसते ते काढून भीतीला जागेवर खिळवले, तर बाकीच्या मुलींनी जे दिसत नाही ते काढून भीतीच्या पलीकडे जागा केली. या दोन वाटांत खरी कुठली, असा वाद घालण्यात अर्थ नाही. मुलाचा हात कुठे वळतो हे पाहून त्याला त्या वाटेने जाऊ द्यावे लागते.

प्रौढ चित्रकारांपैकी बहुतेकांना साक्षीची किंमत जिवाने मोजावी लागली. बेद्रझिख फ्रिट्टा, लिओ हास, ऑटो उंगार, फर्डिनांड ब्लोख हे तेरेझीनच्या आरेखन कार्यालयात दिवसा कारभाराचे तक्ते काढत आणि चोरून खरे तेरेझीन रंगवत. २३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे पथक पाहणीला आले, तेव्हा गावाचे ‘सुशोभीकरण’ झाले होते. दर्शनी भिंती रंगवल्या होत्या, फुलझाडे लावली होती आणि गर्दी कमी दिसावी म्हणून त्याआधी मे महिन्यात ७,५०० जणांना ऑशविट्झला धाडले होते. एकाच गावात रंग खोटे बोलण्यासाठीही वापरला जात होता आणि खरे बोलण्यासाठीही. जुलैत या चित्रकारांना पकडले. ब्लोख तेरेझीनच्या छोट्या किल्ल्यातल्या तुरुंगात मारले गेले, फ्रिट्टा ऑशविट्झला गेले, उंगार यांचा हात जायबंदी केला गेला आणि सुटकेनंतर काही महिन्यांतच ते वारले. हास वाचले. युद्धानंतर परत येऊन त्यांनी दडवलेली चित्रे बाहेर काढली आणि फ्रिट्टांच्या अनाथ मुलाला दत्तक घेतले. या मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसासाठी फ्रिट्टांनी एक चित्रांची वही केली होती. तीही वाचली.

२८ सप्टेंबर १९४४ रोजी पाव्हेल ब्रांडाइस यांची रवानगी झाली. फ्रीडल यांनी त्यांच्यामागे जाण्यासाठी स्वतःहून नाव दिले आणि ६ ऑक्टोबरच्या गाडीत त्या चढल्या. त्यांच्या कितीतरी विद्यार्थिनी त्याच गाडीत होत्या. ९ ऑक्टोबरला ऑशविट्झच्याच बिर्केनाउ छावणीत फ्रीडल यांना ठार मारण्यात आले. पाव्हेल वाचले.

इथल्या मुलांच्या चित्रांपैकी एकाने पुढे फार लांबचा प्रवास केला. एल ४१७ मधला पेत्र गिन्झ हा मुलगा ‘व्हेदेम’ नावाचे हस्तलिखित साप्ताहिक संपादित करायचा. त्याने चंद्रावरून दिसणारी पृथ्वी काढली होती; टोकदार काळे कडे आणि मागे आपला गोल. १९४४ मध्ये ऑशविट्झला तो मारला गेला. इस्रायली अंतराळवीर इलान रामोन यांनी या चित्राची प्रत २००३ मध्ये कोलंबिया यानातून सोबत नेली. आपल्या कल्पना चावला त्याच यानात होत्या.

चित्रोपचार (चित्रे काढण्यातून मन सावरण्याची उपचारपद्धती) ही संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ च्या सुमारास, क्षयरोग्यांबरोबरच्या अनुभवातून रूढ केली. फ्रीडल यांनी आपल्या वर्गाला तसे नाव दिले नव्हते. पण प्रागमध्ये निर्वासित मुलांच्या वर्गात त्यांच्या मदतीला असलेल्या एडिथ क्रेमर १९३८ मध्ये न्यूयॉर्कला पोचल्या आणि मुलांच्या चित्रोपचाराचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना झाली. चित्र काढण्याची क्रियाच मुलाला सावरते, मागाहून त्याचा अर्थ लावणे दुय्यम, हा क्रेमर यांचा आग्रह त्यांच्या गुरूच्या वर्गाची आठवण करून देतो.

फ्रीडल यांच्या रवानगीपूर्वी मुलांची चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून एल ४१० मध्ये दडवली गेली. बालगृहाचे अखेरचे प्रमुख विली ग्रोआग यांनी १९४५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्या प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचवल्या. फ्रीडल यांचा एक नेम होता : प्रत्येक चित्रावर आपले नाव घालायचे. त्यामुळे बऱ्याच कागदांच्या कोपऱ्यात नाव आहे, कुठे वय, कुठे खोलीचा क्रमांक. याच नावांवरून पुढे संग्रहालयाला रवानगीच्या याद्या ताडून कोणते चित्र कोणाचे हे ठरवता आले. त्यांतली बहुतेक मुले मारली गेली. प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) बोहेमिया आणि मोराव्हियातल्या बळी गेलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावे भिंतींवर हाताने लिहिलेली आहेत. मुलांची चित्रे त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर लावलेली आहेत. वर चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले नाव वाचून खाली आले, की तेच नाव भिंतीवर सापडते.